मीटर ३८० म्हणतो, लॅब ६१० म्हणते: दूषित मातीच्या साइटवरच्या चाचणीवर किती विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या कारखान्याच्या जागेवरची शिशाने दूषित झालेली माती उपसण्याचं काम चालू आहे. ठरलेली मर्यादा किलोला ४०० मिलिग्रॅम. खड्ड्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर हातातल्या एक्सआरएफने, म्हणजे क्ष-किरणांनी मातीतले धातू मोजणाऱ्या मीटरने, ३८० ± १२ दाखवलं, म्हणून पोकलेन थांबवला. दहा दिवसांनी त्याच जागेचा लॅबचा आकडा आला ६१०. ठेकेदार म्हणतो लॅबचं चुकलं, वरिष्ठ म्हणतात ते मीटर कपाटात ठेवा. शिवाय जागेच्या दुसऱ्या टोकाला पूर्वी सॉल्व्हंटच्या टाक्या होत्या, तिथे पीआयडी, म्हणजे रसायनांची वाफ मोजणारा मीटर, शून्यावरून हलत नाही. ती माती स्वच्छ धरायची का?

आधी शिसं. माझ्या मते मीटर आणि लॅब दोघांचंही बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. दोघांनी मोजलेली माती एक नव्हती, एवढंच. ‘त्याच जागेची’ म्हणजे काय, हे आधी बघा. तुम्ही भिंतीला मीटर लावला. एक्सआरएफच्या किरणांना मातीत फार तर एक-दोन मिलिमीटर आत जाऊन परत येता येतं आणि खिडकी असते नखाएवढी. म्हणजे मीटरने चिमूटभर ओली माती पाहिली. मग तुम्ही शेजारून खुरप्याने बरणी भरली. लॅबने ती वाळवली, चाळली आणि त्यातली एक ग्रॅमच्या आसपास माती ॲसिडमध्ये उकळली. ही दुसरी चिमूट. या दोन चिमटींचे आकडे जुळले असते, तर उलट मला आश्चर्य वाटलं असतं.

हे एक ग्रॅमचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. दहा घनमीटरचा एक डंपर धरा. माती साधारण सोळा टन, म्हणजे १ कोटी ६० लाख ग्रॅम. त्यातल्या एका ग्रॅमवरून आपण डंपर कुठे जायचा ते ठरवतो. आता त्या मातीत शिसं कसं आहे? रंगाची खपली, बॅटरीच्या प्लेटचा चुरा, राखेतला कण, छर्रा. साखर पाण्यात विरघळावी तसं ते मातीत विरघळलेलं नसतं. शिशाचा एक मिलिमीटर व्यासाचा गोल कण घ्या. त्याचं वजन भरतं जवळपास सहा मिलिग्रॅम. लॅबच्या एक ग्रॅममध्ये तो एकटा आला, तर रिपोर्ट येईल किलोला सहा हजार. नाही आला, तर बाकीची माती असेल तेवढं. बरणी तीच, माणूस तोच, मशीनही तेच. तोच कण पाव मिलिमीटरचा असता, तर वजन चौसष्टपटीने कमी, आणि एक ग्रॅममध्ये त्याच्यामुळे पडणारा फरक नव्वदच्या आसपास. चाळण्याला आणि दळण्याला लॅबवाले इतकं महत्त्व का देतात, ते या एका हिशेबात आहे.

म्हणून मीटरवरच्या ± १२ ने फसू नका. ती फक्त किरण मोजण्यातली अनिश्चितता आहे: याच ठिकाणी, मीटर न हलवता पुन्हा मोजलं तर आकडा किती इकडेतिकडे होईल, एवढंच ती सांगते. मीटर तळहाताएवढा सरकवला तर काय होईल, याबद्दल ती काहीच सांगत नाही. मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच काम देतो. मातीची एक पिशवी घे आणि पाच वेगवेगळ्या ठिकाणी रीडिंग घे. समजा ३१०, ३६५, ५४०, ३४५, ३४० अशी आली. सरासरी बरोबर ३८०. पण त्यांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, आहे नव्वदच्या घरात. मीटरची चूक १२, मातीची ९०. अशा वेळी मोजायचा वेळ साठ सेकंदांवरून चार मिनिटं केलात, तर मोजणीची चूक निम्मी होऊन १२ ची ६ होईल आणि हाती काहीच लागणार नाही. त्याच चार मिनिटांत पिशवी नीट मळली, ढेकळं फोडली आणि चार जागी एकेक मिनिट मोजलं, तर खरा फायदा. तो ५४० दिसला की ‘चुकीचं रीडिंग’ म्हणून खोडू नका. तो कण आहे. मातीत काय दडलंय ते त्याने दाखवलंय.

आता तुमच्या ३८० आणि ६१० मधली वाट. पहिली गोष्ट पाणी. लॅब कोरड्या वजनावर आकडा देते, तुम्ही मोजली ओली भिंत. ओल वजनाच्या २५ टक्के असेल, तर नुसत्या वजनाच्या हिशेबाने ३८० चे होतात ३८० भागिले ०.७५, म्हणजे ५०७. शिवाय पाणी किरणही काही प्रमाणात शोषतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, एक्सआरएफसाठी ६२०० क्रमांकाची पद्धत आहे. ओल वीस टक्क्यांपर्यंत असेल तर फारसं बिघडत नाही, त्यावर मात्र चूक जाणवण्याइतकी होते, असा तिचा साधारण रोख. माझा अनुभव तोच. चिकणमातीच्या भिंतीत २५ टक्के ओल सहज असते. दुसरी गोष्ट चाळणी. लॅबने बारीक माती घेतली असेल, तर शिसं बहुतेक वेळा त्या बारीक भागातच जास्त असतं, कारण बारीक कणांना पृष्ठभाग जास्त. भिंतीवर तुम्ही मीटर लावला तिथे मधे खडे होते, मुरूम होता, त्यात शिसं नाही. ५०७ वरून ६१० व्हायला एवढं पुरतं.

उलटही होतं, तेही सांगून ठेवतो, नाहीतर ‘मीटर नेहमी कमीच दाखवतो’ असा समज करून घ्याल. लॅबमधली नेहमीची ॲसिडची पद्धत मातीतलं सगळं विरघळवत नाही. खनिजाच्या जाळीत, सिलिकेटमध्ये अडकलेला धातू तसाच राहतो. एक्सआरएफला त्याची पर्वा नसते, तो धातू कुठेही असो, मोजतो. म्हणून क्रोमियमसारख्या धातूत मीटरचा आकडा लॅबपेक्षा बराच वर असलेला दिसतो. आणि क्रोमियमचा विषय निघालाच आहे तर: मीटर एकूण क्रोमियम सांगतो. त्यातला षट्संयुजी, म्हणजे खरा घातक, किती ते त्याला कळत नाही. तिथे लॅबला पर्याय नाही.

मोजायच्या प्रदूषकांच्या तुमच्या यादीत आर्सेनिक असेल तर अजून एक खड्डा आहे. एक्सआरएफ प्रत्येक धातू त्याच्यातून परतणाऱ्या क्ष-किरणांच्या ठरावीक ऊर्जेवरून, म्हणजे रेषेवरून, ओळखतो. शिशाची मुख्य रेषा १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, आर्सेनिकची १०.५४ ला. मीटरला या दोन वेगळ्या दिसतच नाहीत. तो शिशाची दुसरी रेषा बघून वजाबाकी करतो आणि उरलं ते आर्सेनिक म्हणतो. शिसं आर्सेनिकच्या दहापटीच्या वर गेलं की ही वजाबाकी कोलमडते. शिशाने भरलेल्या साइटवर मीटरने ‘आर्सेनिक सापडलं नाही’ म्हटलं, तर ते ‘मला दिसलं नाही’ असं वाचा.

मग मीटर कशासाठी? खणायचं कुठे, किती आणि थांबायचं कधी, यासाठी. लॅबच्या दहा आकड्यांच्या खर्चात आणि वेळात मीटरवर दोनशे रीडिंग होतात. प्रत्येक रीडिंग लॅबपेक्षा कच्चं, पण दोनशे कच्च्या ठिपक्यांतून जास्त शिशाचा पट्टा कुठून कुठे जातो ते दिसतं. दहा पक्क्या ठिपक्यांतून ते दिसत नाही. लॅबचा आकडा अचूक असतो तो त्या बरणीबद्दल. दोन बरण्यांच्या मधल्या दहा मीटरबद्दल लॅबला काहीच माहिती नसते, आणि तिथेच साइट फसते. ईपीएने ट्रायड नावाची जी कार्यपद्धती पुढे आणली तिचा गाभा हाच: आधी नीट आखणी, मग साइटवर लगेच मिळणारी मोजमापं आणि त्यांच्यानुसार जागच्या जागी बदलता येणारा आराखडा.

पण त्यासाठी मीटर आणि लॅब यांचं लग्न आधी लावावं लागतं. खणायच्या आधी, खणून झाल्यावर नव्हे. तुमच्याकडे नेमका हाच टप्पा सुटलेला दिसतो. काम सुरू होण्यापूर्वी वीस-तीस नमुने घ्या: काही स्वच्छ, काही घाण आणि बरेचसे मर्यादेच्या आसपासचे. प्रत्येक नमुना वाळवा, चाळा, मळा, त्याच कपात मीटरने मोजा आणि तोच कप लॅबला पाठवा. ‘शेजारची माती’ चालणार नाही, तीच माती. मग दोन आकडे समोरासमोर मांडा. ६२०० पद्धतीनुसार सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन आकडे किती सोबत चढतात-उतरतात ते सांगणारं माप, ०.७ च्या वर असेल तर मीटरचा आकडा प्राथमिक छाननीसाठी चालतो. ०.९ च्या वर असेल आणि दोन्ही आकडे सांख्यिकीने सारखे ठरत असतील, तर तो निर्णायक म्हणूनही धरता येऊ शकतो. काम चालू असताना किमान वीस नमुन्यांमागे एक लॅबला, हा त्या पद्धतीतला किमान नियम. मी सुरुवातीला दहामागे एक पाठवतो आणि जुळतंय दिसलं की सैल करतो.

सहसंबंध गुणांकातही एक लबाडी चालते, कधी नकळत, कधी जाणूनबुजून. बारा नमुने १०० ते ३०० च्या मधे विखुरलेले, एकमेकांशी काही संबंध नाही. त्यात एक ८००० चा नमुना घाला. गुणांक लगेच ०.९९. ती रेषा त्या एका नमुन्याने ओढलेली असते, आणि तुम्हाला निर्णय घ्यायचाय ४०० वर. आलेख डोळ्यांनी बघा. एका अहवालात मी असा आलेख पाहिला होता. खाली डाव्या कोपऱ्यात माशा बसल्यासारखे ठिपके, वर उजवीकडे एकटा राजा, आणि मधे रुबाबात लिहिलेलं ०.९८. मर्यादेच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंतचा भाग वेगळा काढून पाहा. तिथे काय दिसतं, तेच खरं.

या जोड्यांवरून साइटवरचे दोन आकडे ठरवायचे. खालच्या आकड्याखाली रीडिंग आलं तर सोडा. वरच्या आकड्यावर आलं तर डोकं न खाजवता खणा. मधल्या पट्ट्यातलं लॅबला पाठवा आणि तोवर त्या कोपऱ्यात काम थांबवा. तुमच्या साइटवर भिंतीच्या ओल्या रीडिंगचं लॅबशी गुणोत्तर नेहमीच ३८० ला ६१० असं निघालं, तर लॅबचे ४०० म्हणजे तुमच्या मीटरवर अडीचशे. एका जोडीवरून हे ठरवता येत नाही, पण अंदाज बघा: ३८० ला पोकलेन थांबवणं म्हणजे भलत्याच आकड्यावर थांबणं. दहा दिवस आणि परत मशीन आणण्याचा खर्च गेला तो इथे.

आता दुसऱ्या टोकाच्या टाक्या आणि पीआयडीचं शून्य.

माझा पहिला प्रश्न: टाकीत कोणतं सॉल्व्हंट होतं? दुसरा: मीटरमध्ये दिवा कितीचा? पीआयडी अतिनील प्रकाशाने वाफेच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि तयार झालेला प्रवाह मोजतो. दिव्याची ताकद रेणूच्या आयनीभवन ऊर्जेपेक्षा जास्त असेल तरच ते जमतं. बहुतेक मीटरमध्ये १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा येतो. बेंझीनला ९.२४ लागतात, ट्रायक्लोरोइथिलीनला ९.४५, व्हिनाइल क्लोराइडला ९.९९. हे सगळे दिसतात. मेथिलीन क्लोराइडला लागतात ११.३२, क्लोरोफॉर्मला ११.३७, कार्बन टेट्राक्लोराइडला ११.४७. यांच्यासमोर १०.६ चा दिवा आंधळा. ग्रीस धुवायच्या टाकीत मेथिलीन क्लोराइड असेल, तर खड्डा वाफेने भरलेला असूनही तुमचा मीटर शून्यच दाखवणार. त्यात मीटरचा काही दोष नाही. ११.७ चा दिवा मिळतो, पण त्याची लिथियम फ्लोराइडची खिडकी ओल शोषते आणि दिवा लवकर जातो. तो कामापुरताच बसवायचा, आणि रोज तपासायचा.

माती कशी मोजता तेही कळवा. खड्ड्यावर मीटर धरून फिरवणं हे मोजणं नव्हे. त्यावरून फार तर कामगारांच्या श्वासाची काळजी घेता येते, आणि तेवढं त्यासाठी जरूर करा. मातीसाठी बरणीची पद्धत वापरा. काचेची स्वच्छ बरणी माती टाकून अर्धी भरा, तोंडावर ॲल्युमिनियमचा कागद ताणून लावा, पंधराएक सेकंद जोरात हलवा, दहा मिनिटं उबदार जागी ठेवा, पुन्हा हलवा. मग कागदाला भोक पाडून मीटरचं टोक आत घाला आणि पहिल्या काही सेकंदांत आकडा जिथवर चढतो तो लिहा. नंतर तो उतरतो, कारण मीटर बरणीतली हवा ओढून घेतो आणि बाहेरची आत येते. सगळ्या बरण्या एकाच तापमानाला, एकाच वेळाने मोजा. सकाळच्या गारठ्यातली बरणी आणि दुपारी उन्हात तापलेली बरणी यांची तुलना करून कुणी थर आखला असेल, तर त्याने थर्मामीटरचा आलेख काढलाय. चिकणमातीचं ढेकूळ तसंच टाकलं तर वाफ आतच राहते, ते फोडा.

आणि कृपा करून, पीआयडीवरचे ‘५० पीपीएम’ म्हणजे मातीत किलोला ५० मिलिग्रॅम, असं कधीही लिहू नका. तो हवेतला, आयसोब्युटिलीन या मीटर जुळवायच्या वायूच्या मापाने काढलेला आकडा आहे. मातीतल्या प्रमाणाशी त्याचं नातं माती, ओल, तापमान, रसायन यांच्यावर बदलतं. ही चूक छापील अहवालात मी इतक्यांदा वाचली आहे की आता हसूही येत नाही. मातीतला मिथेन पीआयडीला दिसत नाही, वर तो इतर वाफांचा आकडा दाबतो. धुक्यात, पावसात दिव्यावर ओल बसली की आकडा उगाच चढतो. जुनं, उडून गेलेलं डिझेल किंवा जड तेल असेल, तर मातीला हात लावला की काळा होईल आणि मीटर दोन-तीनच्या वर जाणार नाही, कारण वाफ होणारा भाग केव्हाच गेलेला असतो. तिथे पीआयडी सोडा, तेलासाठीचं किट वापरा.

उडणाऱ्या रसायनांच्या बाबतीत लॅबचा आकडाही आपोआप पवित्र होत नाही. भिंत चार तास उघडी, वारा लागतोय, त्यावरून खुरप्याने माती खरवडून बरणीत दाबून भरली, झाकण लावलं. लॅब जे मोजेल ते प्रामाणिकच असेल, पण सॉल्व्हंट तोवर हवेत गेलेलं. आधी दहा-पंधरा सेंटिमीटर आतली ताजी माती उघडी करा. लहान नळीच्या नमुनाकाराने पाचेक ग्रॅमची कांडी काढून लगेच आधी वजन केलेल्या, मिथेनॉल भरलेल्या बाटलीत सोडा, झाकण घट्ट, बर्फाच्या पेटीत. खुरपं, घमेलं, मिसळणं, चाळणं हे सगळं इथे वर्ज्य. शिशाला जे जितकं जास्त कराल तितकं चांगलं, ते इथे जितकं कराल तितकं वाईट. एकाच साइटवर दोन्ही असले की माणसं हमखास गोंधळतात, म्हणून मी दोन्हींसाठी वेगळा माणूस ठेवतो. तसंच, ढीग तीनदा उलथापालथा करून मग ‘स्वच्छ’ निघालेली माती स्वच्छ झालेली नसते. तिच्यातलं विष शेजारच्या हवेत गेलेलं असतं.

किट्सबद्दल थोडक्यात. पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायनं), पॉलिॲरोमॅटिक (डांबर-काजळीतली संयुगं), तेल, टीएनटी (स्फोटक) यांच्यासाठी प्रतिपिंडांवर चालणारी किट्स मिळतात. बहुतेकांत रंग जितका फिका, तितकं प्रदूषण जास्त. हे उलटं आहे हे रोज सकाळी स्वतःला बजावा. ती मुद्दामच थोडी जास्त दाखवतील अशी बनवलेली असतात, म्हणजे घाण माती ‘स्वच्छ’ म्हणून निसटू नये. त्यामुळे ‘नाही’ आलं तर बऱ्यापैकी विश्वास ठेवा, ‘आहे’ आलं तर ताडून बघा. फ्रिजमध्ये ठेवा, तारीख बघा, ओल्या चिकणमातीतून किटमधला विद्रावक प्रदूषक नीट ओढून घेत नाही हे लक्षात ठेवा. डायऑक्सिन आणि पीएफएएस (सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) यांच्यासाठी साइटवर निर्णय देणारी, विसंबावी अशी चाचणी माझ्या तरी वापरात नाही. त्यांच्या मर्यादाच इतक्या खाली आहेत की थेट लॅब.

खड्ड्याचा तळ आणि भिंती मोजताना एक गोष्ट हटकून होते. पोकलेनचं बकेट वरची घाण खाली ओढत आणतं आणि स्वच्छ तळावर लेप देतं. मीटर तो लेप मोजतो, माणूस आणखी अर्धा मीटर खणतो, बकेट पुन्हा लेप देतं. एका साइटवर आम्ही असे दीड मीटर खाली गेलो होतो, मग कुणीतरी खुरप्याने दोन बोटं माती खरवडून मोजली आणि सगळे गप्प झाले. आधी खरवडा, मग मोजा. खोल, आधार न दिलेल्या खड्ड्यात मात्र कुणी उतरायचं नाही. बकेटमध्ये वर आलेल्या मातीच्या मधल्या भागातून, बकेटच्या लोखंडाला न लागलेली माती घ्यायची.

एक्सआरएफ वापरताना पिशवी तळहातावर धरून मीटरचा घोडा दाबणारे लोक मी पाहिलेत. त्या पिशवीपलीकडे बोटं आहेत आणि मीटरमध्ये क्ष-किरणांची नळी. पिशवी स्टँडवर किंवा जमिनीवर ठेवा, समोर माणूस नको. सकाळी, दुपारी आणि काम संपताना स्वच्छ वाळू आणि प्रमाणित माती मोजून वहीत लिहा. दुपारची प्रमाणित माती ठरलेल्या आकड्यापासून वीस टक्क्यांपेक्षा जास्त ढळली, तर सकाळपासूनची रीडिंग संशयाखाली.

अजून एक सवय, जिच्यावर मी भांडतो. एखादा बिंदू नापास झाला की तिथेच पुन्हा सॅम्पल घ्यायचं, तेही नापास झालं की तिसरं, आणि पास झालेलं अहवालात टाकायचं. इतक्या असमान मातीत पुरेशा वेळा मोजलं की एखादं पास होणारच. ती माती बदललेली नसते, नशीब बदललेलं असतं. सगळी रीडिंग वहीत राहू द्या आणि किती वेळा, कुठे, कोणता आकडा आल्यावर थांबायचं ते नियामकाशी खणण्यापूर्वीच कागदावर ठरवा.

एका बिंदूऐवजी संपूर्ण भिंतीचा एकच निर्णय घ्यायचा असेल, तर ठिपक्यांच्या नादी न लागता वाढीव नमुना घ्या. भिंत हे एक निर्णयक्षेत्र धरायचं, तिच्यावर सारख्या अंतराने तीस किंवा जास्त जागा, प्रत्येकी तीस-चाळीस ग्रॅम, सगळं एकत्र. किलो-सव्वा किलो माती होते. ती वाळवून, चाळून, पसरून त्यातून पुन्हा अनेक ठिकाणची चिमूट उचलून लॅबचा नमुना बनवायचा. हेच पहिल्यापासून आणखी दोनदा, जागा सरकवून. तीन आकडे एकमेकांच्या जवळ आले तर सरासरीवर विश्वास ठेवता येतो. लांब गेले तर माती काय सांगतेय तेही कळलं. स्फोटकांनी दूषित मैदानांवर ईपीएच्या ८३३०बी पद्धतीत हाच मार्ग आहे, कारण तिथे कणांचा त्रास शिशापेक्षाही जास्त. उडणाऱ्या रसायनांसाठी मात्र ही चाळण्या-मिसळण्याची पद्धत नाही, हे वर सांगितलंच.

तर उत्तरेची भिंत. तिच्यावर खरवडून तीस-तीसचे तीन नमुने घ्या आणि पूर्ण वाळवा. पारा यादीत असेल तर तापवून नको, सावलीत पसरून. चाळून मळलेल्या प्रत्येक पिशवीत मीटरने पाच ठिकाणी मोजा आणि त्याच पिशवीतली माती लॅबला पाठवा, सोबत ओलीची टक्केवारीही मागा. टाक्यांच्या कोपऱ्यात, जुन्या खरेदीच्या नोंदी काढून सॉल्व्हंटचं नाव मिळेपर्यंत पीआयडीच्या शून्यावर एक घमेलंसुद्धा हलवू नका. आणि ज्या बरणीने ६१० दिलं, तिच्यातली उरलेली माती लॅबकडून मागून घ्या. ती वाळलेली, चाळलेली आहे, तुमच्या मीटरखाली धरली की या भांडणाचा अर्धा निकाल दहा मिनिटांत लागेल. फोन आजच करा, रिपोर्ट दिल्यावर लॅब उरलेली माती फार दिवस ठेवत नाहीत.